बॉनेटवरची हवेली

माझ्या गाडीला दोनच दारं आहेत आणि स्टिअरिंग डावीकडे आहे. ती आमच्या तांड्यात आली त्या दिवशी शेजारच्या बबलूने तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "काका, बाकीचे दोन दरवाजे कोणं नेले?" मी त्याला समजावून सांगायला लागलो, की ही इटलीची कूपे आहे, हिला मुळातच दोन दारं असतात, ही पळण्यासाठी बनवलेली आहे, वऱ्हाड भरण्यासाठी नाही. तो म्हणाला, पळते तर मग ट्रॅक्टरला दोर बांधून कशाला आणली. उत्तर नसलं की मी हातात पाना घेतो, तसा तो घेतला.

मी हिरासिंग आडे. छत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, आधी यवतमाळ आणि नंतर पुसद. आमच्याकडे एक वही असायची. मुक्कामाला आलेल्या गाडीचा ड्रायव्हर त्यात दोष लिहायचा: ब्रेक खाली जातो, वायपर चालत नाही, मागची काच थरथरते. पुढच्या रकान्यात आम्ही केलेलं काम लिहायचं आणि ज्याने काम केलं त्याने त्यापुढे सही करायची. सही झाली की दोष संपला. या वहीने माझं डोकं असं घडवलं, की मला कुठलीही गोष्ट बघितली की आधी तिच्यातला दोष दिसतो. जेवताना भाजीतही दिसतो. हंसाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यावरून मला चाळीस वर्षं पुरेसं सुनावलेलं आहे.

पण या गाडीची गोष्ट हंसापासूनच सुरू होते, आणि तिच्या बापूपासून.

हंसाचे बापू प्रेमसिंग पुसदच्या एका जिनिंगवाल्या शेठकडे ड्रायव्हर होते. कुठल्याशा सूतगिरणीत मशिनी बसवायला इटलीचा एक इंजिनिअर आला होता. येताना त्याने ही गाडी बोटीने आणली, जाताना ती परत न्यायचा त्याला कंटाळा आला आणि शेठने हौसेने विकत घेतली. मोरपिशी रंग, बुटकी बांधणी, पुढे चार गोल दिवे. आख्ख्या तालुक्यात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यात ही. पण डाव्या स्टिअरिंगची मोठी पंचाईत होती. पुढे बैलगाडी नाहीतर ट्रक असला, तर समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसायचंच नाही. उजवीकडे बसलेल्याने मान बाहेर काढून सांगायचं, तेव्हा प्रेमसिंग गाडी काढणार. शेठ सोबत असले की ते सांगायचे. शेठना डुलकी लागली की गाडी उसाच्या ट्रकमागे दहा-दहा कोस रांगायची.

शेठ नसले, गाडी धुवायला नाहीतर पेट्रोल भरायला न्यायची असली, की प्रेमसिंग वाट वाकडी करून आपल्या तांड्यावर यायचे आणि लहानग्या हंसाला उजवीकडे बसवायचे. ती खिडकीच्या काठावर हनुवटी ठेवून रस्ता बघायची आणि मोकळा दिसला की सांगायची, "जाऊ दे, बापू." आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या शब्दावर तो माणूस भरधाव गाडी काढायचा. हंसा म्हणते, आयुष्यात तिच्या शब्दाला एवढी किंमत पुन्हा कोणी दिली नाही. हे ती माझ्याकडे बघून म्हणते.

आता आमचं लग्न. मी बावीस वर्षांचा, आयटीआय करून एसटीत नुकताच चिकटलेला. हंसा अठराची. आमच्या गोर, म्हणजे बंजारा, लोकांत नवरी निघताना तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं करतात. ती दोन्ही हात वर करून रडत रडत हवेली गाते. बापाचं घर सुखी राहो, तांडा हिरवा राहो, असं म्हणत ती घराचा निरोप घेते. पूर्वी आमचे लोक बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे. बैल हेच आमचं घर होतं, म्हणून निरोपही त्याच्यावरूनच. हंसासाठी बैल सजवून ठेवला होता, शिंगांना बेगड, पाठीवर आरशांची झूल. पण माझ्या एका उत्साही मावसभावाने ऐन वेळी फटाक्यांची माळ लावली आणि बैल झुलीसकट समोरच्या ज्वारीत घुसला. तो संध्याकाळी सापडला. तोवर वऱ्हाड थांबणार नव्हतं.

प्रेमसिंगनी त्या दिवशी शेठकडून गाडी मागून आणली होती, पाहुण्यांची ने-आण करायला. त्यांनी गाडी मांडवापुढे आणून उभी केली, हंसाला उचललं आणि बॉनेटवर ठेवलं. म्हणाले, "हाच आपला बैल. उभी राह्य, बेटा."

ती उभी राहिली. अंगावर आरशांचा भारी फेटिया, म्हणजे आमचा घागरा, पायांत पितळेची जाड कडी. तिने हात वर केले आणि गायला लागली, आणि सगळा तांडा रडला. मी रडलो नाही. मी बॉनेटकडे बघत होतो. मेकॅनिकची जात. तिच्या पायाखाली पत्रा आधी लवला आणि मग एका ठिकाणी टप् करून बसला, मग दुसऱ्या ठिकाणी. लग्नाच्या दिवशी बायकोचा चेहरा बघायचा सोडून पत्रा बघणारा मीच. तेव्हाचा तिचा चेहरा मला आज आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी शेठनी बॉनेटवरचे दोन खड्डे पाहिले. ते ओरडले नाहीत. हात पुढे केला, प्रेमसिंगनी चावी दिली, शेठनी ती आपल्या बैठकीतल्या खुंटीला लावली. त्यानंतर अकरा वर्षं प्रेमसिंग त्याच जिनिंगच्या फाटकावर राखणदार होते. शेठची आवड तोवर दुसऱ्या गाडीवर गेली होती. कूपे मागच्या शेडमध्ये उभी राहिली, आणि प्रेमसिंग मरेपर्यंत पुन्हा कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगवर बसले नाहीत.

त्याचा परिणाम असा झाला, की हंसाने गाणं सोडलं. माझ्या गाण्यानं बापूची गाडी गेली, एवढंच ती एकदा म्हणाली. लग्नघरी ती स्वयंपाक करी, मांडव सारवी, नवरीला सजवी, पण हवेलीची वेळ आली की पाणी आणायला म्हणून निघून जाई. तिच्या याडीकडून, म्हणजे आईकडून, तिला जी हवेली आली होती तशी दुसऱ्या कोणाला येत नव्हती. जुन्या बाया एकेक करून गेल्या. आता लग्नात मोबाइलवर गाणं लावतात. नवरी बैलावर नाही, खुर्चीवर उभी राहते, आणि फोटोवाला सांगेल तेव्हा रडते.

आम्हाला दोन मुलं. इंद्रजीत थोरला, पुण्याला नोकरीत आहे. राखी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी, यवतमाळला लॅबमध्ये रक्त तपासते. राखीने कॉलेजात असल्यापासून एकच धोशा लावला होता: माझ्या लग्नात मी याडीचीच हवेली गाणार, तिने ती मला शिकवावी. हंसा दर वेळी पदर खोचून उठायची आणि काहीतरी काम काढायची. पोरीने हट्ट सोडला नाही आणि आईने तोंड उघडलं नाही. मला दोघींच्या मधे बसून जेवावं लागायचं.

मी रिटायर झालो त्याच वर्षी शेठचा नातू शेड मोकळी करत असल्याचं कानावर आलं. मी बघायला गेलो. गाडीच्या चारही चाकांतली हवा कधीच गेलेली, मागच्या सीटमध्ये मुंगसाने घर केलेलं, मोरपिशी रंग शेणासारखा झालेला. पण बॉनेटवर धूळ होती तीही दोन खड्ड्यांत जरा जास्त जाड होती, आणि मी लगेच ओळखलं. मला तेव्हाच कळलं, की ही गाडी मी घेणार, हिचा एकेक दोष काढणार, आणि शेवटी ते दोन खड्डे सपाट करून हंसाला दाखवणार. खड्डे गेले की तिच्या मनातलं ओझं जाईल. ओझं गेलं की ती गाईल. ती गायली की राखी शिकेल. सगळं सरळ होतं.

हंसाला घरात नवी फरशी हवी होती. फरशीच्या जागी ट्रॅक्टरमागून रांगत गाडी आली. हंसा दारात उभी होती. तिने गाडी पाहिली, बॉनेट पाहिलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी मी स्वतःच चहा केला.

मग मी बाजारातून लांब रकान्यांची वही आणली आणि एसटीच्या पद्धतीने दोष लिहायला बसलो. पहिल्या ओळीत पहिला दोष लिहिला: बॉनेटवर दोन खड्डे. एकशे सतरा दोष झाले. पहिला सगळ्यात शेवटी काढायचा, कारण पत्र्याचं काम माझं कच्चं होतं आणि हात बसायला वेळ हवा होता.

चार वर्षं लागली. इंजिन गच्च बसलेलं होतं, त्यात डिझेल ओतून महिनाभर ठेवलं आणि रोज सकाळी फिरवून बघितलं. ते एका मंगळवारी केसाएवढं हललं, आणि मी एवढ्या जोरात आवाज दिला की बबलू जेवणावरून उठून आला. कार्बोरेटर मी इतक्यांदा खोलला आणि बसवला, की डोळे मिटून करीन. काही भाग इंद्रजीतने इंटरनेटवरून इटलीहून मागवले. प्रत्येक डबा पाठवताना तो फोनवर विचारायचा, बापू, हे कुठवर चालणार. मी सांगायचो, एकशे सतरापर्यंत. काचेच्या रबराला मात्र इटलीचा माल आखूड पडला, तिथे एसटीच्या खिडकीचं रबर कापून घातलं आणि ते झकास बसलं. सीटला वर्कशॉपमधल्या जुन्या दोस्ताने लाल परीचं उरलेलं मरून रेक्झिन दिलं. इटलीचा तो इंजिनिअर पाहील तर डोक्याला हात लावेल, पण त्याची कूपे आता आतून पुसद-यवतमाळ जलद गाडीसारखी दिसते आणि मला त्यात काही दोष दिसत नाही.

ज्या दिवशी ती स्वतःच्या ताकदीवर तांड्याबाहेर निघाली, त्या दिवशी मी दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि लगेच सोयाबीनने भरलेल्या ट्रॉलीमागे अडकलो. डावीकडून पुढचं काही दिसेना. बारा किलोमीटर मी त्या ट्रॉलीच्या मागे भुसा खात गेलो. माझं इंजिन साठ वर्षांच्या माणसाच्या छातीसारखं धडधडत होतं आणि रिकामी उजवी सीट माझ्याकडे बघत होती. नंतर राखी सुट्टीत आली की सोबत बसायची, पण ती मोबाइल बघायची आणि ट्रक अंगावर आल्यावर "बापू, बापू" करायची. तिच्या भरवशावर मी कधीच गाडी काढली नाही.

हंसा बसली नाही. मी दहा वेळा म्हटलं असेल, बस, आर्णीपर्यंत जाऊन येऊ. ती म्हणायची, मले एसटी बरी.

एवढ्यात राखीचं जमलं. दिग्रसजवळच्या तांड्यातला मुलगा, कृषी खात्यात आहे, बोलायला साधा. लग्न एप्रिलमध्ये ठरलं. वहीतले एकशे सोळा दोष तोवर सह्यांनी संपले होते. फक्त पहिली ओळ राहिली होती.

मार्चमध्ये हंसा राखीबरोबर बस्त्यासाठी आठ दिवस यवतमाळला गेली. मला तेवढेच हवे होते. बॉनेट काढून उलटं ठेवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये ठोकायच्या आधी दोषाभोवती पांढऱ्या रंगाने रेघ मारून तारीख टाकायची रीत होती, म्हणजे हातोडा भलत्या जागी जात नाही. मी तशा रेघा मारल्या. मग लाकडी हातोडी आणि वाळूची पिशवी घेऊन बसलो. पत्रा घाईने ठोकला तर ताणतो आणि मग आयुष्यभर डबडब वाजतो. मी त्याला हळूहळू मनवला. पाचव्या दिवशी वरून हात फिरवला तर काही लागेना. पॉलिश पेपर मारला, मोरपिशी रंग मारला, उन्हात वाळवला. त्यात माझं तोंड दिसत होतं. एसटीत छत्तीस वर्षांत एवढं सुंदर काम मी केलं नव्हतं, आणि हे मी स्वतःच म्हणतो.

हंसा आली ती सकाळच्या गाडीने. मी तिची पिशवी घेतली आणि तिला गाडीपुढे उभं केलं. माझी छाती फुगलेली होती. तिने बॉनेटकडे पाहिलं. मग उजवा हात ठेवला आणि काठापासून मधापर्यंत सावकाश फिरवला. पुन्हा फिरवला. आंधळं माणूस चौकट शोधतं तसा तिचा हात चालला होता. मला वाटलं आता ती हसेल.

ती म्हणाली, "आता मी कुठी उभी होती ते सांगा मले."

मी म्हटलं, अगं, खड्डे काढले. तुझ्यासाठीच काढले. ते बघून तुला त्रास होत होता ना?

"कोणं सांगतलं तुमाले?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच मी घाबरलो. "मले त्रास गाडीचा होता. डावीकडं पाह्यलं का बापू दिसते, म्हणून मी बसत नव्हती. पण ते पाय माहे होते. बापू फाटकावर होता तवा रोज शेडमंदी जायचा आन् त्यात हात ठेवायचा. मले मनायचा, हंसा, तू सासरी गेली, पन तुहे पाय माह्यापाशी राह्यले. तुमी दवाखान्याले गेले, बाजारात गेले, का मीबी येऊन हात ठेवत होती. चार वर्षं. मले एकदा इचारलं काहून नाई?"

मी चार वर्षं त्या गाडीच्या प्रत्येक नटाला विचारलं होतं, की बाबा, तुला काय दुखतंय. हिला विचारलं नव्हतं. वहीतला तो पहिला दोष कोणा ड्रायव्हरने लिहिलेला नव्हता, तो माझा मीच लिहिला आणि माझा मीच काढला. मला इतकी लाज वाटली, की मी खाली बसलो.

थोड्या वेळाने मला सुचलं म्हणून मी बॉनेट उघडलं आणि तिला आतली बाजू दाखवली. तिथे मी रंग मारलेला नव्हता. माझ्या दोन पांढऱ्या रेघा होत्या, लांबट गोल, शेजारी शेजारी, आत हातोडीच्या बारीक खुणा आणि बाजूला तारीख. दोन पावलांच्या आकाराच्या. तिने वाकून त्यांवर बोट फिरवलं. म्हणाली, खालून पाहिलं की डावा उजवा होतो. मग म्हणाली, बरं आहे, पण बापूचा हात वरून होता. आणि पिशवी घेऊन घरात गेली.

त्यानंतर लग्नापर्यंत आम्ही लग्नाचंच बोललो. पत्रिका, आचारी, मांडव, कोणाला कुठे उतरवायचं. राखीने शेवटचं एकदा आईला विचारलं. हंसा म्हणाली, मले आता येत नाई. राखी खोलीत गेली आणि मोबाइलवर कोणाची तरी हवेली ऐकत बसली. ती दुसऱ्या मुलखातली होती, तिचे शब्द आमचे नव्हते.

लग्न छान झालं. निघायची वेळ आली. आमच्या तांड्यात बैलाची एकच जोडी उरली आहे, आणि तिच्या मालकाने आधीच सांगून टाकलं होतं, की डीजेपुढे बैल उभे राहणार नाहीत. कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. फोटोवाला खुर्चीभोवती दिवे लावायला लागला. मी ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी डीजेवाल्याला बंद करायला सांगितलं, आमच्या शेडमधून कूपे काढली आणि मांडवापुढे आणून उभी केली. खुर्ची पायाने सरकवली.

राखीला म्हटलं, "चढ."

बबलू म्हणाला, काका, कलर जाईन. चार वर्षं ज्याने माझा संसार त्या गाडीखाली गेलेला पाहिला होता, त्याला तसं वाटणारच. राखीही माझ्याकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला, तिने चपला काढल्या आणि ती बॉनेटवर उभी राहिली. अंगावर हंसाचाच जुना फेटिया होता. तिने दोन्ही हात वर केले.

आणि पुढे काही नाही. तिला शब्द येत नव्हते. ओठ हलले, आवाज आला नाही. बाया खाली बघायला लागल्या. मी हंसाला शोधलं, आणि ती मला हातात कळशी घेऊन विहिरीच्या वाटेकडे निघालेली दिसली. मी चुकलो आणि वर पोरीला सगळ्यांपुढे उभं केलं, असं मला वाटलं.

हंसा चार पावलं गेली आणि थांबली. कळशी खाली ठेवली. मग वळून आली, सरळ गाडीच्या उजव्या बाजूला, दार उघडलं आणि आत बसली. चाळीस वर्षांनी बसली. मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणून मी डावीकडून आत शिरलो आणि स्टिअरिंगवर हात ठेवले. ते तिला हवं होतं, डावीकडे कोणीतरी बसलेलं. समोर काचेतून राखीचे मेंदी लावलेले पाय दिसत होते. हंसाने खिडकीच्या काठावर हनुवटी ठेवली आणि गायला लागली.

आवाज फाटलेला होता. पहिल्या ओळीला तो दोनदा तुटला. वरून राखीने ती ओळ उचलली. मग ही एक ओळ म्हणायची आणि ती तीच ओळ वरून म्हणायची, बापाचं घर, तांडा, विहीर, उंबरा, एकेकाचं नाव घेऊन. बाहेरच्या म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या होत्या. या वेळी मी पत्र्याकडे बघत नव्हतो, हंसाकडे बघत होतो. पण कान तर मेकॅनिकचे. राखी वजन इकडून तिकडे करताना बॉनेट लवलं आणि टप् झालं. थोड्या वेळाने पुन्हा टप् झालं. मी स्टिअरिंग घट्ट धरून ढसाढसा रडलो. स्वतःच्या लग्नात रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात आलं.

राखी खाली उतरली, आईच्या खिडकीशी आली, तिच्या गळ्यात पडली आणि नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसली. तिला शिवेपर्यंत पोचवायला जावं म्हणून मीही गाडी सुरू केली. वऱ्हाडाची बस मधे आली आणि मला पुढचं दिसेना. मी सवयीने मागे राहिलो. हंसाने मान बाहेर काढली, दूरवर बघितलं आणि म्हणाली, "जाऊ द्या." मी काढली.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरत होता. मी सकाळी वही घेऊन गाडीपाशी बसलो. बॉनेटवर दोन खड्डे होते, जुन्यांपेक्षा जरा पुढे, आणि एकाच्या काठाचा रंग तडकला होता. हंसा चहा घेऊन आली, दोन्ही खड्ड्यांवरून हात फिरवला आणि मी काय लिहितोय ते विचारलं. तिला आपलं नाव लिहिता येतं, बाकी वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. दोष: बॉनेटवर दोन खड्डे. काम: करायचं नाही, राखीचे पाय आहेत.

तिने शेवटच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. इथं काय, म्हणून विचारलं.

मी म्हटलं, सही. ज्याने काम केलं, त्याची.

"मंग आना इकडं," ती म्हणाली. चहाचा कप तिने बॉनेटवर ठेवला, माझ्या हातातला पेन घेतला आणि एकेक अक्षर सावकाश काढत लिहिलं, हंसाबाई.